जेवणात वरून मीठ घेणं बंद केलं, तरी बीपी उतरत का नाही?

वरून घेतलेलं मीठ तसं थोडंच. खरं मीठ स्वयंपाकातच पडतं, शिवाय लोणचं, पापड, फरसाण, पाव आणि सुक्या मासळीत ते दडलेलं असतं. ठाणे स्टेशनबाहेरून फरसाण न घेता घरी पोचणं अवघड, हे मान्य! जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, आणि त्यात हे सगळं आलं. मिठातलं सोडियम वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं, दाब चढतो. सैंधवाने काही फरक पडत नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. पालेभाज्या, केळी, कडधान्यं वाढवा. त्यांतलं पोटॅशियम सोडियम बाहेर टाकायला मदत करतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. आणि गोळ्या स्वतःहून थांबवू नका.