लॅक, ॲब्सेन्स की शॉर्टेज?

दादा, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) परदेशी ग्राहकाला माल उशिरा येणार असं कळवायचंय आणि 'ड्यू टू'च्या पुढे ॲब्सेन्स ऑफ वर्कर्स, लॅक ऑफ वर्कर्स की शॉर्टेज ऑफ वर्कर्स लिहायचं, असं तुम्ही विचारलंत. डिक्शनरीत तिन्हींपुढं 'अभाव', 'कमतरता' असे सारखेच वाटणारे शब्द दिसतात, तिथंच सगळे अडतात. मी शिरोली एमआयडीसीत बरीच वर्षं कास्टिंग तपासणीचे रिपोर्ट लिहिले, म्हणून उदाहरणं आपल्याच धंद्यातली देतो.

तुमच्या वाक्यात शॉर्टेज लिहा. कामगार आहेत, पण ऑर्डर वेळेत काढायला पुरत नाहीत, हेच तुम्हाला सांगायचंय ना? ॲब्सेन्स ऑफ वर्कर्स वाचून कारखान्यात माणूसच नाही असं वाटेल. लॅक चुकीचा नाही, पण मोघम आहे. शॉर्टेज म्हटलं की गरज एवढी, हातात एवढे, आणि फरक भरून निघेल, असं चित्र उभं राहतं. डिलिव्हरी लांबल्यावर ग्राहकाला तेवढंच हवं असतं.

आता खरी मेख ॲब्सेन्स आणि लॅक यांच्यात आहे. ॲब्सेन्स फक्त 'इथं नाही' एवढी नोंद करतो. ती गोष्ट असायला हवी होती की नको, त्यावर तो काही बोलत नाही. लॅक म्हणतो, 'हवी होती आणि नाही' किंवा 'हवी तेवढी नाही'. म्हणून तपासणीच्या रिपोर्टात ॲब्सेन्स ऑफ ब्लोहोल्स (कास्टिंगमध्ये वायू अडकून झालेल्या पोकळ्या नाहीत) बरोबर. तिथं लॅक ऑफ ब्लोहोल्स लिहिलंत, तर ब्लोहोल हवे होते आणि निघाले नाहीत असा अर्थ होईल! उलट वेल्डिंगमध्ये एका दोषाचं नावच लॅक ऑफ फ्यूजन आहे. धातू वितळून एकजीव व्हायला हवा होता, तो झाला नाही. लॅक ऑफ पेनिट्रेशनही तसंच, धातू सांध्यात हवा तेवढा खोल उतरला नाही. दवाखान्याच्या कागदावर ॲब्सेन्स ऑफ फीवर ही चांगली बातमी असते, तिथं लॅक कुणी लिहीत नाही.

शॉर्टेज मोजता येणाऱ्या, पुरवता येणाऱ्या वस्तूंना आणि माणसांना लागतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, बाहेरून टँकर येईनात, पेट्रोलचं शॉर्टेज झालं. रस्ता खुला झाल्यावर ते संपलं. आत्मविश्वासाचं किंवा अनुभवाचं शॉर्टेज सहसा लिहीत नाहीत, तिथं लॅकच.

स्केअर्सिटीचा पट मोठा असतो. गोष्ट मुळातच दुर्मीळ, किंवा टंचाई अख्ख्या भागाला आणि दीर्घकाळ. सरकारी इंग्रजीत दुष्काळाच्या टंचाईला हाच शब्द चालत आला, इंग्रजांच्या काळातल्या फॅमिन कोडपासून (दुष्काळ निवारणाच्या नियमांपासून). कारखान्याच्या मेलमध्ये तो फार जड होतो. डिफिशन्सी शरीराला आणि मातीला. उसाला लोह कमी पडलं की कोवळी पानं आधी पिवळी पडतात, ती आयर्न डिफिशन्सी. डर्थ, म्हणजे वानवा, भाषणात, अग्रलेखात शोभतो. तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका.

आपल्याकडच्या मेलमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक वेगळीच आहे : 'वुई लॅक ऑफ स्किल्ड वर्कर्स'. लॅक क्रियापद म्हणून आला की त्याच्यापुढं ऑफ येत नाही. 'वुई लॅक स्किल्ड वर्कर्स' म्हणा, नाहीतर नाम करून 'देअर इज अ लॅक ऑफ स्किल्ड वर्कर्स'.

आणखी एक, कारण यानं व्यवहारात फरक पडतो. ग्राहकानं ड्रॉइंगला मंजुरी कळवली नसेल तर 'ड्यू टू लॅक ऑफ युवर अप्रूव्हल' लिहू नका. त्यात ग्राहकामुळं अडलं असा ठपका येतो. 'इन द ॲब्सेन्स ऑफ युवर अप्रूव्हल, वुई कॅनॉट स्टार्ट प्रॉडक्शन' असं लिहिलं की वस्तुस्थिती तीच राहते आणि बोट कुणाकडं जात नाही. तक्रारच करायची असेल तेव्हा लॅक मुद्दाम वापरा, पण जाणूनबुजून.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : 'ड्यू टू अ शॉर्टेज ऑफ स्किल्ड मोल्डर्स, डिस्पॅच विल बी डिलेड बाय वन वीक.' आठवड्याच्या जागी तुमचा खरा अंदाज घाला. आणि मोल्डर (साचे करणारे) कमी आहेत की फेटलिंगची (कास्टिंग साफ करणारी) माणसं, ते नेमकं नाव लिहा. नुसतं वर्कर्स लिहिलंत तर ग्राहक पुढच्या मेलमध्ये तेच विचारेल.