पोटात ठेवलेली जाळी

प्रश्न: आईचं पित्ताशय काढलं. डिस्चार्ज कार्डावर ‘लिव्हर बेडवर सर्जिसेल ठेवले’ असं लिहिलंय. कापड आत विसरलं का? (भांडुप)

उत्तर: नाही, सर्जिसेल म्हणजे रक्त थांबवणारी जाळी, ती मुद्दाम ठेवलीय. पित्ताशय यकृताला चिकटलेलं असतं. ते सोडवलं की ती जागा पाझरत राहते. बांधायला एखादी ठळक रक्तवाहिनी सापडत नाही आणि यकृत इतकं मऊ, की टाक्याने फाटतं. आधी आम्ही सर्जन मॉपने, म्हणजे सुती कापडाच्या घडीने, दाबून धरतो, कॉटरी लावतो, म्हणजे विजेच्या उष्णतेने ती जागा भाजतो. तरीही रक्त झिरपत असेल तरच ही जाळी. ती वनस्पतीच्या सेल्युलोजपासून बनते. पांढरी जाळी रक्त लागताच काळपट, चिकट होते आणि जागा धरून बसते. थोडीच ठेवली असेल तर साधारण एक-दोन आठवड्यांत शरीर ती शोषून घेतं. विसरण्याची भीती असते ती सुती मॉपची. तो विरघळत नाही, म्हणून पोट शिवण्याआधी सिस्टर मॉप मोजतात आणि मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा दोराही असतो.

तुमच्या डॉक्टरांनी नोंद केली, हे वाचून फार बरं वाटलं. या जाळीत हवेचे बुडबुडे अडकतात आणि सीटी स्कॅनवर ते गळवासारखे दिसू शकतात. माझ्याकडे एक बाई असाच रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. कार्डावर जाळीचा उल्लेखच नव्हता. ऑपरेशनचे कागद मागवेपर्यंत दोन दिवस घरच्यांच्या डोळ्याला डोळा नव्हता. तेव्हा आईचं कार्ड जपून ठेवा आणि पुढे कुठेही स्कॅन करताना दाखवा.

प्रश्न: आम्ही जैन आहोत. यात प्राण्यांचं काही असतं का? (विलेपार्ले)

उत्तर: सेल्युलोजच्या जाळीत नाही. रक्त थांबवायलाच वापरला जाणारा जिलेटिनचा स्पंज मात्र बहुधा डुकराच्या कातडीपासून आणि कोलॅजेनची बरीच उत्पादनं गायीपासून बनतात. संमतीपत्रावर सही करण्याआधीच सर्जनना सांगा. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये बहुतेकदा पर्याय निघतो. अचानक रक्त वाहू लागलं तर काय करायचं, तेही तेव्हाच बोलून घ्या.

प्रश्न: बाबांच्या मणक्याच्या ऑपरेशनमध्ये स्पंज लावला आणि परत काढला. मग लावला कशाला? (डोंबिवली)

उत्तर: रक्त थांबवायला, आणि ते थांबलं म्हणून काढला. रक्त शोषून हे पदार्थ फुगतात. पोटात जागा असते. मणक्याच्या हाडाच्या नळीत ती नसते, तिथे नस दाबली जाऊन पाय लुळे पडू शकतात. डॉक्टरांनी योग्य तेच केलं.