बेघरांसाठी पैशांऐवजी गाणे किंवा चित्रकला घेऊन जाता येईल का?

जानेवारी 2025 पासून इंदुरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा दाखल होऊ लागल्याने आपला हात आखडतो; पेटी बऱ्यापैकी वाजवता येते, तर रैनबसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात, तिचा उपयोग होईल का, असे आपण विचारले आहे. होईल. मात्र काही वर्षे या कामात असल्यामुळे सांगते, की पेटीपेक्षा आपण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी तिथे दिसणे अधिक महत्त्वाचे आहे. दर लाख लोकवस्तीमागे एक निवारा हा शहरांसाठीचा सरकारी निकष आहे. त्यातून छप्पर मिळते, पण नावाने हाक मारणारे कोणी मिळतेच असे नाही.

मनपाच्या रैनबसेऱ्याच्या व्यवस्थापकाची परवानगी घेऊन रात्रीच्या जेवणानंतर जावे, कारण पुष्कळ जण पहाटेच मजूर चौकात उभे राहतात. सुरुवातीला पेटी घरीच असू द्यावी आणि "घर का सोडले" हा प्रश्न तर कधीच विचारू नये. सांगायचे असेल तेव्हा माणूस आपणहून सांगतो. पुढे पेटी नेली, तरी आपली गाणी ऐकवण्याऐवजी त्यांची गाणी त्यांच्या पट्टीत धरावीत. माळव्यात कबीराची निर्गुणी भजने गावोगाव गायली जातात. आमच्याकडे देवासकडचे एक बाबा भजन सुरू करतात आणि शेजारचा खानदेशी हमाल डब्याच्या झाकणावर असा नेमका ठेका धरतो, की मला फक्त सूर दाबून बसावे लागते.

चित्रांसाठी मोठे कागद नेऊ नयेत. ज्याचे सारे सामान उशाखालच्या एका पिशवीत मावते, त्याने गुंडाळलेले चित्र ठेवायचे कुठे? पोस्टकार्डाएवढे जाड कागद आणि तेलखडू पुरेत. कोणी "मला नाही जमत" म्हणून कागद परत केला, तर आधी त्याला जवळचे दिसते का ते पाहावे. वयस्कांच्या बाबतीत अडचण बहुधा चष्म्याची असते, आवडीची नव्हे. कोणी स्वतःशीच बोलत असेल, जेवण टाळत असेल, तर गाण्याने ते बरे होईल अशा भ्रमात न राहता व्यवस्थापकाला सांगावे. 14416 या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीवर, मोफत सल्लाही मिळतो.

गणेशोत्सवात या मंडळींचा कार्यक्रम बसवावा का, हा आपला दुसरा प्रश्न. इंग्लंडमधली 'स्ट्रीटवाइज ऑपेरा' ही संस्था 2002 पासून बेघरपण अनुभवलेल्या लोकांना घेऊन रंगमंचीय प्रयोग करते, पण त्यामागे नियमित कार्यशाळा असतात. आपल्या मंडळाने "बेघरांचा कार्यक्रम" असा फलक लावून त्यांना मंचावर चढवणे मला मुळीच पटत नाही. त्यांची इच्छा असेल तर भजनाच्या बैठकीत इतर गायकांसारखेच त्यांचे नाव पुकारावे, मानधन असेल तर तेही इतरांइतकेच द्यावे, आणि छायाचित्र मात्र विचारल्याशिवाय काढू नये.