कपाळाच्या सायनसमध्ये हाडाची गाठ निघालीय, लगेच ऑपरेशन करू का?

प्रश्न : माझं वय ३४. सारखं डोकं दुखतं म्हणून सीटी स्कॅन केला तर कपाळाच्या उजव्या सायनसमध्ये ९ मिलीमीटरची गाठ निघाली, रिपोर्टमध्ये ऑस्टिओमा लिहिलंय. घरचे म्हणतात कॅन्सर व्हायच्या आत काढून टाक. कपाळ चिरावं लागतं का हो? झोप उडालीय माझी.

उत्तर : आधी कॅन्सरची भीती मनातून काढा. ऑस्टिओमा म्हणजे साधी हाडाची गाठ, तिचा कॅन्सर होत नाही आणि वाढते पण अगदी सावकाश, बहुतेकदा वर्षाला एक-दोन मिलीमीटर, कित्येकांना तर दुसऱ्याच कशासाठी तरी स्कॅन केला तेव्हा कळतं की अशी गाठ आहे. त्यामुळे डोकेदुखी हिच्यामुळेच आहे हे आधी नीट ठरवा, मायग्रेन असेल तर गाठ काढूनही डोकं दुखतच राहील आणि मग फार वाईट वाटतं.

गाठ केवढी आहे यापेक्षा कुठे आहे ते जास्त महत्त्वाचं. सायनस म्हणजे हाडातली पोकळी, तिच्यातला शेंबूड नाकात उतरायची वाट अडली तर छोटी गाठही त्रास देते. वाट अडलीय, अर्धाअधिक सायनस भरलाय, गाठ डोळ्याकडे किंवा मेंदूकडे सरकतेय किंवा भराभर वाढतेय, असं असेल तर काढलेली बरी.

कपाळ चिरायची वेळ आता कमीच येते. दुर्बिणीने नाकातूनच करतात, हाड दगडासारखं कडक असतं म्हणून ड्रिलने गाठ आतून पोखरत जातात, अंड्याच्या कवचाएवढा पातळ पापुद्रा उरला की तो सुटा करून तुकड्यातुकड्याने बाहेर काढतात. गाठ बाजूला, पार कडेला असेल तर मात्र दुर्बीण पोचत नाही, मग केसांच्या आत चीर देऊन कपाळाचं हाड झाकणासारखं उघडतात आणि काम झालं की परत बसवतात. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळणं, डोळ्याला इजा, ती वाट पुन्हा आक्रसणं हे होऊ शकतं, म्हणून असं काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जा.

अशा गाठी एकाहून जास्त असतील तर आतड्याची तपासणी पण करून घ्या, गार्डनर सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक आजारात आतड्यात पॉलिप म्हणजे छोटे कोंब असतात आणि तिथे कॅन्सरचा धोका खरा असतो.

तुमची वाट मोकळी असेल तर सध्या थांबा, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा स्कॅन करा आणि आत्ताची सीडी जपून ठेवा, ताडून बघायला लागेल. मधेच डोळा पुढे आला, एकाचे दोन दिसायला लागले किंवा एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं गळायला लागलं तर त्याच दिवशी दाखवा.