सोन्यावर बसवलेल्या डेंड्रिमरच्या (झाडासारख्या फांद्या फुटलेल्या गोल रेणूच्या) एकेरी थराची उंची रेणूच्या व्यासापेक्षा कमी का येते? ती नीट कशी मोजायची?

रेणू चपटा होतो म्हणून. याच वाक्यापायी माझं एम.एस्सी.चं अख्खं सेमिस्टर गेलंय, तेव्हा उत्तर जरा लांबणार.

माझ्याकडं पॅमॅम जातीचा चौथ्या पिढीचा डेंड्रिमर होता; पिढी म्हणजे फांद्या फुटण्याची फेरी. साडेचार नॅनोमीटरचा गोळा, बाहेरून 64 अमाइन (नायट्रोजनवाली) टोकं. सोनं चढवलेली काच आधी धू-धू धुतली. कोल्हापूरच्या गुजरीत सोन्याचं दुकान असलेले मामा म्हणाले, "शंभर नंबरी हाय की, आणि काय धुतोयस?" त्यांना काय सांगणार, हवेतली तेलकट घाण काही मिनिटांतच सोन्यावर बसते. मग काच मिथेनॉलमधल्या द्रावणात रात्रभर ठेवली, सकाळी खळबळून एएफएमखाली, म्हणजे बारीक सुईनं पृष्ठभाग चाचपून उंची मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, घातली. उंची दोन नॅनोमीटरसुद्धा भरेना.

सर म्हणाले, "धुताना निम्मा माल गेला. परत कर."

अहो, माल गेला तर ठिपके कमी होतील, उरलेल्यांची उंची कशी कमी होईल? मी म्हटलं, सर, भाकरीचा गोळा परातीत थापल्यागत झालंय. जमतील तेवढी टोकं सोनं धरायला बघतात, आतल्या फांद्या लवचिक, गोळा पसरतो. सगळी लॅब हसली. पास होईपर्यंत माझं नाव 'भाकरी'.

नंतर वाचलं, अमेरिकेत क्रूक्स यांच्या गटानं 1998 सालीच हे दाखवलं होतं. वर आणखी गंमत केली होती. चपटे पडलेले डेंड्रिमर हेक्झाडेकेनथायॉलमध्ये बुडवले; हा थायॉल, म्हणजे टोकाला गंधक असलेला लांब साखळीचा रेणू. थायॉल सोन्याला जास्त घट्ट धरतो. तो कडेनं घुसला तसे डेंड्रिमर आवळून उंच झाले. हुपरीच्या गाडीत अख्ख्या बाकड्यावर पसरलेला गडी गर्दी चढली की कसा पाय आवरून ताठ बसतो, तसं. धुताना गेलेला माल असा उभा राहतो होय?

तुमच्या गाईडनंही 'परत कर' म्हटलं, तर आधी थायॉल टाकून बघा, मग भांडा.

मोजायचं म्हणाल तर टॅपिंग मोड (सुई न घासता टिचक्या मारत नेणारी पद्धत) वापरा आणि रुंदीवर विश्वास ठेवू नका, तिच्यात सुईच्या टोकाची जाडी मिसळते. नवीनच असाल तर सोन्याऐवजी अभ्रक घ्या; चिकटपट्टीनं पापुद्रा ओढला की सपाट, स्वच्छ. तिथं मात्र पकड विद्युतभाराची, थायॉलची युक्ती चालणार नाही.

आणि हो, सुईसुद्धा मऊ रेणू थोडा दाबतेच. माझ्या आकड्यात तेही असणार. सर हे बोलले असते तर मी गप्प बसलो असतो. पण ते हे बोलले नाहीत.