मातीतला बोगदा खचत का नाही?

प्रश्न: दगडातला बोगदा उभा राहतो ते पटतं. पण नुसत्या मातीत, त्यात वाळू आणि पाणी, वर बिल्डिंगा, तिथे मशीन पुढे जातं तरी कसं? समोरची माती धडाधड बोगद्यात यायला नको का?

उत्तर: यायला हवी काय, सोडली तर येतेच! वाळूचा किल्ला आठवा, जरा ओलसर असेल तर उभा राहतो, सुकला की घरंगळतो आणि पाण्यात बुडाला की सरळ वाहून जातो. बोगदेवाल्यांना यातला तिसरा प्रकार सगळ्यात नको असतो.

मार्क ब्रुनेल या इंजिनिअरने 1825 मधे लंडनच्या थेम्स नदीखाली बोगद्याचं काम सुरू केलं तेव्हा समोरची माती फळ्यांनी दाबून धरलेली असायची, एकावेळी एकच फळी काढायची, थोडंसं खणायचं, फळी पुढे सरकवून परत आवळायची, मग दुसरी. एवढं करूनही नदी पाचदा आत शिरली, आणि बोगदा लोकांसाठी उघडायला 1843 उजाडलं.

आताच्या मशीनमधे फळ्यांचं काम चिखलच करतो. कापलेली माती लगेच बाहेर न काढता कटरच्या, म्हणजे तोंडाशी फिरणाऱ्या कापणाऱ्या चक्राच्या, मागच्या चेंबरमधे भरून ठेवतात, त्यात फेस मिसळून तिची टूथपेस्टसारखी लगदी करतात आणि मागून जॅकने मशीन रेटलं की तीच लगदी समोरच्या मातीला दाबून धरते. बाहेर काढायला खाली एक मोठा स्क्रू असतो. स्क्रू जोरात फिरवला की चेंबरमधलं प्रेशर पडतं आणि समोरची माती ढासळते, फारच हळू फिरवला तर प्रेशर चढून वरचा रस्ता फुगू शकतो. पाण्याच्या पातळीखाली 20 मीटरवर नुसत्या पाण्याचाच दाब 2 बार (1 बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) असतो, मातीचा वेगळा. खूप पाणी असलेल्या वाळू-खडीत हा लगदा नीट जमत नाही, तिथे बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचं पाण्यातलं पातळ मिश्रण दाबाखाली सोडतात, त्याची समोर साय धरते आणि त्या सायीवर दाब टिकतो.

लोक त्या अगडबंब कटरचे फोटो काढतात, मी असतो तर माती बाहेर नेणाऱ्या पट्ट्यावरचा वजनकाटा बघत बसलो असतो. साडेसहा मीटर व्यासाचं मशीन 1.4 मीटर पुढे गेलं की जमिनीतली साधारण 46 घनमीटर माती निघायला हवी, सुटली की ती फुगते म्हणून नुसत्या गाड्या मोजून भागत नाही. हिशोबापेक्षा जास्त आली म्हणजे वर कुठेतरी पोकळी झाली, आणि रस्ता बसेल तो कदाचित चार दिवसांनी, तोवर मशीन पुढे निघून गेलेलं असतं.

प्रश्न: बोगद्याच्या भिंतीच्या काँक्रीटच्या रिंगा मशीनच्या आत बसवतात ना? मग मशीन सरकल्यावर रिंगेभोवती फट राहत असेल?

उत्तर: राहते, चांगली वीतभरसुद्धा असू शकते. मशीन सरकतानाच शेपटीकडून तिथे ग्राउट, म्हणजे घट्ट होणारा पातळ मसाला, भरत जायचं, नंतर बघू म्हटलं की माती बसलीच.

प्रश्न: आणि कटरची हत्यारं झिजली तर?

उत्तर: तर चेंबर थोडं रिकामं करून त्यात हवा दाबाने भरतात, तीच समोरची माती आणि पाणी धरून ठेवते, आणि माणसं त्या दाबात आत जाऊन हत्यारं बदलतात. बाहेर येताना खोल पाण्यातून वर येणाऱ्या डायव्हरांसारखं एअरलॉकमधे, म्हणजे दोन दारांच्या बंद खोलीत, बसून हळूहळू दाब उतरवावा लागतो, काम संपलं आणि दार उघडून निघालो असं चालत नाही.