कोल्ट नेव्ही: सिलिंडरवरच्या सालाला भुलू नका

सिलिंडरवर, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्यावर, 1843 दिसलं म्हणून कोल्ट नेव्ही हे जुनं अमेरिकन रिव्हॉल्व्हर त्या सालचं ठरवू नका. ती तिथे चित्र कोरलेल्या, मेक्सिकोतल्या कँपेचेजवळच्या आरमारी लढाईची तारीख, 16 मे 1843. हे मॉडेल आलंच 1850 च्या सुमारास. हात लावण्याआधी सिलिंडरमधल्या गोळ्यांच्या कोठ्या रिकाम्या आहेत ना, ते जाणकाराकडून बघून घ्या. मग बॅरलच्या माथ्यावरचा पत्ता वाचा. लंडन असेल तर बहुधा 1853 ते 1856 मधलं, कारण कोल्टचा तिथला कारखाना तेवढाच चालला. साल पक्कं होतं ते अनुक्रमांकावरून. बॅरल, फ्रेम, ट्रिगरगार्ड सगळीकडे तोच आकडा हवा. एखादा वेगळा निघाला तर तो भाग बदललाय असं धरा. गार्दोने या इटलीतल्या गावच्या बंदूक-चाचणीचा शिक्का दिसला, की ती तिथली अलीकडची प्रतिकृती. आणि हो, पॉलिश अजिबात मारू नका, झिजलेली अक्षरं पार जातील.